येसकर, रामोशी आणि मॉलचा गार्ड : गर्दीच्या रक्षणाचे कर्तव्य कुणाचे?

सणसरचा मुक्काम हलला, बेलवाडीचे गोल रिंगण झाले की संत तुकाराम महाराजांची पालखी लासुर्णे, अंथुर्णे करत आमच्या शेळगाव पाटीवरून निमगाव केतकीकडे जाते. त्या दिवशी रस्ता दिसत नाही, फक्त माणसे दिसतात. पाटीवर चहाच्या टपऱ्या, केळीवाटप, पाण्याच्या टाक्या. माझे चुलते दरवर्षी एक टाकी लावतात. टोपी, पांढरी दाढी, हातात स्टीलचा तांब्या. वारकरी त्यांना ‘चाचा’ म्हणतात आणि तेही प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. टपरीच्या बाकाखाली एक रेक्झिनची पिशवी कितीतरी वेळ पडून होती. कुणीतरी विचारले, कुणाची आहे? कुणाचीच नव्हती. हळूहळू बाकाभोवतीची माणसे मागे सरकली. टपरीवाला म्हणाला, माझा काय संबंध, बाक ग्रामपंचायतीच्या जागेत आहे. वाहतुकीला उभा असलेला होमगार्डचा पोरगा म्हणाला, साहेबांना सांगतो, पण साहेब पुढच्या चौकात होते आणि गर्दीतून जायला वाट नव्हती. तेवढ्यात ओळखीतल्याच एकाने चुलत्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात सांगितले, “चाचा, तुम्ही जरा बाजूला थांबा. उगाच नाव नको.”

तो काळजीने बोलला होता हे चुलत्यांनाही कळले. ते बाजूला थांबले. पंधरा-वीस मिनिटांनी बीड बाजूचे एक म्हातारे वारकरी धापा टाकत आले. पिशवीत धोतर, टाळ, चिवड्याची पुडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या. सगळे हसले, टपरीवाल्याने म्हाताऱ्याला फुकट चहा पाजला. पण माझ्या डोक्यातून दोन प्रश्न गेले नाहीत. ती पिशवी बघायची जबाबदारी नेमकी कुणाची होती? आणि ती कुणाचीच नसल्यामुळे पहिली नजर चुलत्यांच्या दाढीकडे गेली का?

दुसऱ्या प्रश्नावर आपण खूप लिहितो, बोलतो. पहिल्या प्रश्नाचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. खरे तर दुसऱ्याचे निम्मे उत्तर पहिल्यात आहे, असे मला वाटते.

वेस आणि माग

दख्खनच्या गावगाड्यात या प्रश्नाला स्पष्ट उत्तर होते. गावाला वेस होती. ती दिवेलागणीनंतर लावायची आणि आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची, हे काम येसकराचे, म्हणजे महार वतनदाराचे. रात्रीची राखण आमच्या पुणे प्रांतात बहुधा रामोशांकडे असे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये नव्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या राखणदारीचे नियम आले आहेत. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढायचा. पावलांचा माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला, की तो त्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवेत विरला तर भरपाई राखणदाराने करायची. त्याची ऐपत नसेल तर उरलेली गावाने.

म्हणजे सार्वजनिक जागेच्या रक्षणाचे कर्तव्य, त्याची हद्द आणि कसूर झाल्यास भरपाई, तिन्ही गोष्टी ठरलेल्या होत्या. ही व्यवस्था गोड मानून घ्यायचे कारण नाही. येसकराला वेशीवर जागे राहण्याच्या बदल्यात काय मिळत होते? तुटपुंजे वतन आणि दारोदार मागायची भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते याच वेठीविरुद्ध. आज मॉलच्या दारात बारा-बारा तास उभ्या असलेल्या गार्डकडे पाहिले की मला ते विधेयक आठवते. रक्षणाचे कर्तव्य सर्वांत कमी पगाराच्या माणसावर टाकायची आपली सवय जुनी आहे.

इंग्रजांनी ही व्यवस्था हळूहळू स्वतःकडे ओढली. १८६१ चा पोलीस कायदा, पाठोपाठ १८६७ चा मुंबई ग्राम पोलीस कायदा. गावचा पाटील सरकारचा पोलीस पाटील झाला. पण १८६१ च्या कायद्यात एक चमत्कारिक कलम होते. एखादा भाग ‘अशांत’ ठरवला की तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा. कुणाला त्यातून सूट द्यायची हे अधिकारी ठरवणार. रक्षणाच्या नावाखाली सगळ्या वस्तीला दंड! स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही ही तरतूद राहिली. आता त्या कायद्याला आपण महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतो.

पुढे वतने गेली, १९६२ च्या कायद्याने पिढीजात पाटीलकी गेली, १९६७ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा ग्राम पोलीस कायदा आला आणि पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. वेशी तर त्याआधीच पडल्या होत्या. गर्दी मात्र वाढत गेली. थिएटर, एसटी स्टँड, आठवडी बाजार, मंगल कार्यालय, उरूस, जत्रा. त्यांच्यासाठी १९५१ च्या कायद्यात परवान्याची पद्धत आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी नियम करतात, परवाना देतात, अटी घालतात. अटी कागदावर असतात. आत जमलेल्या माणसांविषयी मालकाचे नेमके कर्तव्य काय, हे ठरवायला मोठ्या दुर्घटना घडाव्या लागल्या. दिल्लीच्या ‘उपहार’ सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. तो खटला वर्षानुवर्षे चालला आणि थिएटरमालकांची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत घासूनपुसून निघाली.

महाराष्ट्रात आगीबद्दल स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यानेच यंत्रणा बसवायची, ती चालू ठेवायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसे प्रमाणपत्र द्यायचे. हा कायदा किती पाळला जातो हे २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीने दाखवले. तरी कर्तव्य कुणाचे, याबद्दल निदान शंका उरत नाही. बॉम्बबाबत असे एकही कलम आपल्याकडे नाही.

मालेगाव, ८ सप्टेंबर २००६

आगीच्या कायद्याच्या नावात जे वर्ष आहे, त्याच वर्षीची ही तारीख. शुक्रवार होता आणि शब-ए-बारातही. या दिवशी आपण कब्रस्तानात जातो, गेलेल्यांसाठी दुआ मागतो. मालेगावच्या बडा कब्रस्तानात आणि तिथल्या हमीदिया मशिदीत जुम्याची नमाज संपून माणसे बाहेर पडत होती. दारात खैरातीसाठी गोरगरीब आणि लहान मुले बसली होती. त्याच वेळी स्फोट झाले, पाठोपाठ जवळच्या मुशावरत चौकात आणखी एक. बॉम्ब सायकलींवर ठेवलेले होते. सरकारी नोंदीप्रमाणे ३१ माणसे गेली, तीनशेहून अधिक जखमी झाली. मृतांत मुलांची संख्या मोठी होती.

ही पहिली वेळ नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये परभणीच्या मोहंमदिया मशिदीत, ऑगस्ट २००४ मध्ये जालना आणि पूर्णा येथे, जुम्याच्याच दिवशी हल्ले झाले होते. तीन वर्षांत तीन गावे, वार एकच, वेळ जवळपास एकच. एवढ्या माहितीवर एखाद्या विमा कंपनीनेही धोका मोजला असता. शब-ए-बारातला बडा कब्रस्तानात किती माणसे येणार, हे मालेगावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होते. मग आत सायकली किती येणार, त्या कुठे लावणार, बाहेर पडायला दारे किती उघडी राहणार, जखमींना न्यायला वाट कुठून, हे ठरवायचे काम कुणाचे होते? विश्वस्तांचे? वक्फ मंडळाचे? नगरपालिकेचे? पोलिसांचे? कायद्याने विचाराल तर उत्तर होते : पोलिसांचे सर्वसाधारण कर्तव्य, बाकी कुणाचेच विशेष नाही.

त्यामुळे स्फोटानंतरचा सगळा जोर आरोपी शोधण्यावर गेला आणि तो कुठे गेला हे आपण जाणतोच. नऊ मुस्लीम माणसे पकडली गेली. आपल्याच कब्रस्तानात, आपल्याच शब-ए-बारातला त्यांनी बॉम्ब ठेवला, असे सांगितले गेले. २०११ च्या नोव्हेंबरात जामीन, २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाकडून दोषमुक्ती. त्यांतला एक जण ते ऐकायला जिवंत नव्हता. २००८ च्या भिक्खू चौकातल्या स्फोटात सहा माणसे गेली. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. त्याच्या दहाच दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांतले बाराही आरोपी निर्दोष सोडले होते. त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, हा भाग वेगळा. दोन दशकांनी हाती काय, तर मेलेल्या माणसांची यादी आणि तुरुंगात वर्षे गेलेल्या माणसांची यादी. या सगळ्या काळात ‘पुढच्या जुम्याला दारावर कोण?’ हा प्रश्न कुठल्याही न्यायालयापुढे आलाच नाही. तो कुठल्या कायद्यात नव्हता, तर येणार कसा?

पुण्याची बेकरी, मुंबईचे हॉटेल

१३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कमध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ माणसे गेली, त्यांत परदेशी होते, पुण्यात शिकायला आलेली तरुण मुले होती. बेवारस पिशवी बाकड्याखाली होती आणि ती एका वेटरने उघडायचा प्रयत्न केला, असे पहिल्या बातम्यांत होते. बेकरीपासून हाकेच्या अंतरावर ज्यूंचे छबाड हाऊस. त्याची टेहळणी डेव्हिड हेडलीने करून ठेवली होती, हे सरकारला स्फोटाआधीच कळले होते. बंदोबस्त छबाड हाऊसभोवती होता. गर्दी बेकरीत होती. एका दाराला पहारा बसला की धोका शेजारच्या दाराकडे सरकतो आणि शेजाऱ्याला कुणी सांगतही नाही. या खटल्यात ज्या एकाला फाशी झाली होती, त्याला २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कट आणि स्फोटाच्या मुख्य आरोपांतून मुक्त केले. स्फोटके बाळगल्याबद्दलची शिक्षा मात्र कायम राहिली.

ताज हॉटेलचा प्रसंग वेगळा, कारण तिथे कर्तव्याचा प्रश्न खरोखर न्यायालयात गेला. तोही मुंबईच्या नव्हे, लंडनच्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एक ब्रिटिश पर्यटक तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून चादरी बांधून खाली उतरू पाहत होता. तो पडला आणि कायमचा अपंग झाला. त्याने हॉटेल चालवणाऱ्या कंपनीवर दावा लावला : हल्ल्याच्या सूचना होत्या, तरी पाहुण्यांच्या रक्षणात कसूर झाली. हल्ल्यानंतर काही दिवसांतच रतन टाटांनी एका मुलाखतीत सांगितले होते की इशारा मिळाला होता, काही उपायही केले होते, पण हल्लेखोर मागच्या बाजूने आले. कंपनीचे म्हणणे होते की हा खटला भारतात चालावा. २०१३ च्या डिसेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयाने तो इंग्लंडमध्ये चालवायला परवानगी दिली. भारतात निकालाला लागणारा प्रचंड काळ हे त्यातले एक मोठे कारण. त्याच रात्री सीएसटीच्या फलाटांवर ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापैकी कुणाला असा दावा लावावासा वाटला असता, तर तो कुठे लावायचा होता?

शंभर माणसांचा हिशेब

हैदराबादने २००७ मध्ये मे महिन्यात मक्का मशीद आणि ऑगस्टमध्ये लुंबिनी पार्क व गोकुळ चाट पाहिले. २०१३ मध्ये आंध्र प्रदेशने सार्वजनिक सुरक्षा उपाययोजनांचा कायदा केला. एका वेळी शंभर किंवा दिवसाला पाचशे माणसे जिथे जमतात, अशा दुकानांनी, रुग्णालयांनी, शाळांनी, धार्मिक स्थळांनी प्रवेशावर नियंत्रण ठेवायचे, कॅमेरे बसवायचे, चित्रण तीस दिवस जपायचे. कर्नाटकाने २०१७ मध्ये तसाच कायदा केला. ज्या राज्याने १९९३ पासून इतके घाव सोसले, त्या महाराष्ट्रात असा कायदा आजही नाही.

प्रयत्न झाला होता. २०१६ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा आला. शंभरहून अधिक माणसे जमवायची तर पोलिसांची परवानगी, असे त्यात होते. लग्नाला शंभर माणसे? आमच्याकडे साखरपुड्याला तेवढी येतात. मसुद्यात ‘अंतर्गत सुरक्षे’ची व्याख्या इतकी पसरट होती की त्यात दहशतवादापासून जातीय तणावापर्यंत सारे मावत होते. मोर्चे, सभा, जलसे सगळेच पोलिसांच्या मर्जीवर जाणार, अशी टीका झाली आणि मसुदा मागे पडला. टीका रास्त होती, मीही ती करणाऱ्यांत होतो. पण टीका करताना आपण एक गोष्ट विसरलो. परवानगी मागायला लावणे आणि जबाबदारी नेमून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे पोलिसांच्या हातात काठी येते, दुसरीमुळे मालकाच्या हातात दाराची किल्ली. आपण दोन्ही एकत्रच फेकून दिल्या. २०२५ च्या जुलैत जो जनसुरक्षा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, त्याच्या नावात ‘जन’ आणि ‘सुरक्षा’ दोन्ही शब्द आहेत. पण तो संघटनांवर बंदी घालण्याविषयी आहे. जनता जिथे जमते त्या जागांविषयी त्यात काही नाही.

या बाबतीत ब्रिटनचा नवा कायदा वाचण्यासारखा आहे. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टर अरीनामध्ये गाण्याचा कार्यक्रम संपता संपता आत्मघाती हल्ला झाला, २२ जण गेले. त्यांतल्या एका तरुणाच्या आईने, फिगन मरे यांनी, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. कायदा ३ एप्रिल २०२५ ला झाला. तिथे लोक त्याला त्यांच्या मुलाच्या नावाने ‘मार्टिनचा कायदा’ म्हणतात. दोनशे माणसे जमू शकतील अशा जागेच्या चालकाने साधी तयारी ठेवायची : बाहेर कसे काढायचे, आत कसे घ्यायचे, दारे कशी बंद करायची, लोकांना कसे सांगायचे. महागडी यंत्रे घ्यायची सक्ती नाही. आठशेच्या वर गेले की कामे वाढतात, लेखी आराखडा लागतो, दंड मोठा होतो. आधीच्या मसुद्यात आकडा शंभरच होता. छोट्या सभागृहांनी, गावातल्या चर्चनी आरडाओरडा केला, तेव्हा तो दोनशे झाला. आणि प्रार्थनास्थळ कितीही मोठे असले तरी ते खालच्या, सोप्या पायरीतच ठेवले आहे. अमलात आणायला किमान दोन वर्षांची मुदत.

मला त्या कायद्यापेक्षा त्याआधीची चौकशी जास्त महत्त्वाची वाटते. सर जॉन साँडर्स यांच्या अध्यक्षतेखाली ती झाली, पहिला खंड २०२१ मध्ये आला. हल्लेखोर कॅमेऱ्याच्या आंधळ्या कोपऱ्यात पाठीवर मोठी पिशवी घेऊन बसला होता. मुलाला न्यायला आलेल्या एका पालकाला तो खटकला. त्याने तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितले. निरोप एका अठरा वर्षांच्या सुरक्षारक्षकापर्यंत पोचला. त्या पोराने चौकशीत सांगितले, काहीतरी बरोबर नाही असे वाटत होते, पण आपण चुकलो तर आपल्याला वंशद्वेष्टा म्हणतील अशी भीती वाटली. रेडिओवरून कंट्रोलशी संपर्कही झाला नाही. थोड्याच वेळात स्फोट झाला.

हे वाचून काही जण लगेच म्हणतील, बघा, मुसलमानांना अडवायची भीती घातली की असे होते. मला त्यात वेगळे दिसते. त्या पोराला कुणी शिकवलेच नव्हते की पाहायचे काय असते. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते, माणसाच्या रंगरूपावरून संशय घे किंवा गप्प बस. ‘इतका वेळ, या जागी, एवढ्या पिशवीसह कुणीही बसला तर विचारायचे’ असा साधा नियम असता, तर त्याला कुणाच्या चेहऱ्याकडे बघायची गरज पडली नसती. नियम नसतो तिथे अंदाज काम करतो आणि आपल्या देशात अंदाजाला दाढी दिसते. म्हणून असा कायदा आला तर मुसलमानांवर आणखी एक ओझे, असे समजून आपण आधीच अंग चोरू नये. मशिदीच्या विश्वस्तांना त्याचा जाच होईल, हे खरे. पण परभणी, जालना, मालेगावनंतर जाच होऊ नये, हे म्हणायचा अधिकार आपल्याला तरी आहे का?

अर्थात असा कायदा आमच्या पाटीवर लागू झाला नसता. ब्रिटिश कायद्यातही तिकीट किंवा पास तपासून आत सोडतात असेच कार्यक्रम धरले आहेत. वारीला दार नाही, तिकीट नाही, मालक तर विठोबाच. मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत तीनशेच्या आसपास माणसे चेंगरून मेली, तिथे बॉम्ब नव्हता, तरी प्रश्न हेच होते : वाट किती, दार कुठे, ओरडून सांगणार कोण. पुणे जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर गावातल्या सगळ्यांना निरोप जातो. बिबट्या दिसला, चोर आले की ती वाजते. पालखीच्या दिवशी तिचा वापर कसा करायचा हे कुठे लिहिलेले मी पाहिले नाही.

गेल्या आषाढात चुलत्यांनी टाकीला एक फळा टांगला. त्यावर खडूने तीन गोष्टी लिहिल्या होत्या : पोलीस ठाण्याचा नंबर, पोलीस पाटलांचा नंबर आणि ‘बेवारस वस्तूला हात लावू नका, इथे सांगा’. दुपारी एक होमगार्ड पाणी प्यायला आला. त्याने फळा वाचला, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, “चाचा, ठाण्याचा नंबर बदललाय.” चुलत्यांनी त्याच्या हातात खडू दिला.